दोन खणांचा हौद

गाईंच्या पाण्यात काटकसर करण्याची योजना मी आखली तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे गल्लीत याबद्दल वेगळं मत पडलं, आणि ते मत देणाऱ्यांत माझे सख्खे मेहुणेही होते. पण मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. पावसाचे प्रकार, नद्यांची खोरी, जलचक्र हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलो आहे. पाण्याबद्दल बोलायचा अधिकार गल्लीत कुणाला असलाच तर तो मला होता.

साल बहात्तर. आमचं गाव पाथर्डीच्या अलीकडे, नगरच्या रस्त्यावर. एरवीही आमच्याकडे पाऊस येतो तो दुसऱ्या गावाला जाताना वाटेत डोकावल्यासारखा. त्या वर्षी त्याने डोकावलंही नाही. पोळा कोरडा गेला. गणपती बुडवायला पाणी नव्हतं म्हणून तो मारुतीच्या देवळात ठेवून दिला. पितृपंधरवडा लागता लागता गल्लीतल्या आडाचा तळ दिसायला लागला आणि लिंबाखाली गल्लीची बैठक बसली.

बैठकीचे अध्यक्ष सूर्यभानराव. हे आमचे निवृत्त पाटकरी. कुणाच्या उसाला किती वेळ पाणी सोडायचं हे त्यांनी जन्मभर प्रवरेच्या पाटावर उभं राहून ठरवलं. आता पाट कित्येक कोस मागे राहिला तरी ठरवण्याची सवय सुटली नव्हती. त्यांनी ठरवलं की आडाचं पाणी माणसागणिक वाटायचं. मी उभा राहून विचारलं की गाईंचं काय. सूर्यभानराव म्हणाले, आज गाई माणसांत धरल्या तर उद्या कोंबड्या धराव्या लागतील. सगळे हसले. ज्यांनी आपली गुरं तालुक्याच्या छावणीत पाठवून दिली होती ते जरा जास्तच हसले.

गल्लीत गुरं राहिली होती ती आमचीच. मणेरी, तिचं वासरू आणि मणेरीची थोरली लेक लाखी. मी 'आमची' म्हणतो ती बोलायची रीत झाली. गाई माझ्या पत्नीच्या, मनकर्णाच्या. ती अकोल्याकडची, भंडारदऱ्याजवळची. मणेरी वासरू होती तेव्हापासून मनकर्णाच्या आईने तिला हाताने चारून वाढवलं होतं. आई गेली तेव्हा मेहुण्यांनी, सहादेवरावांनी, वाटणीत काही मागू नकोस असं बहिणीला सांगितलं आणि मणेरी आणून आमच्या दारात बांधली. डांगी जात, म्हणजे भर पावसात डोंगर चढणारी. तिला आणून आम्ही पाथर्डीच्या उन्हात उभं केलं होतं. तरी तिने कधी तक्रार केली नाही. सकाळचं दूध सोसायटीला जायचं, संध्याकाळचं गल्लीच्या चहाला, आणि मनकर्णाचा हातखर्च त्यावर चालायचा.

छावणीचं नाव काढलं की मनकर्णाचा चेहरा बदलायचा. छावणीत गेलेली गाय परत येईलही, पण वासरू येणार नाही, असं तिचं म्हणणं. मी तिला शब्द दिला. दिवाळीला सहादेवराव यायचे होते. तोवर घरच्या वाट्याच्या पाण्यात दोन्ही गाई आणि वासरू बसवून दाखवीन. नाही जमलं तर सहादेवरावांनी गाई छावणीवर पोचवायच्या. मनकर्णा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग हो म्हणाली. ते पाहणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिली पायरी म्हणजे पाहणी. सलग काही दिवस मी शाळेतून आलो की गोठ्यात स्टूल टाकून बसायचो. निष्कर्ष धक्कादायक होता. गाईच्या पोटात जायचं त्याहून कितीतरी जास्त पाणी गाईच्या नावावर सांडत होतं. दुधाची किटली सोसायटीची गाडी येईपर्यंत गार राहावी म्हणून घंगाळात ठेवायची, त्याचं पाणी वेगळं. किटली घासायला वेगळं, कास धुवायला वेगळं, गोठा धुवायला वेगळं. शिवाय गाय चरून आली की पायांवर तांब्या. म्हणजे एकेक पाणी एकेक काम करून मातीत निवृत्त होत होतं. सरकारी खात्यात ही पद्धत चालते, पण टंचाईत ती परवडण्यासारखी नव्हती.

म्हणून मी एक पाणी पायरीपायरीने उतरवायचं ठरवलं. वर दोन खणांचा हौद. पहिल्या खणात स्वच्छ पाणी, त्यातच किटली गार व्हायची आणि तेच गाईंनी प्यायचं. कास आणि किटली धुतलेलं पाणी उतरत्या फरशीवरून दुसऱ्या खणात. तिथून गोठा धुवायला, आणि गोठ्यातून निघालेलं परसातल्या लसूणघासाला. शाळेच्या फळ्यावर मी याची आकृती बाणांसकट काढली. नववी ब चा वर्ग त्या दिवशी इतका शांत बसला की मला भरून आलं. नंतर कळलं, की मुलांना ती परीक्षेला येणार वाटली होती.

मनकर्णाने घरी आकृती नीट पाहिली. तिने एकच विचारलं, की पहिल्या खणात पाणी कुठून येणार. मी म्हणालो, वाचलेलं. ती म्हणाली, कशातलं वाचलेलं? मी तिला सांगितलं की जलचक्रालाही सुरुवात अशी नसते. आंघोळीचं पाणीही घेता येईल असं मी सुचवून पाहिलं, पण साबणाचा थेंबसुद्धा गाईच्या वाटेला जाऊ देणार नाही, असं तिने बजावलं आणि ती भाकरी थापायला लागली.

हौदाला सिमेंट हवं आणि सिमेंटला परमिट. मी तहसील कचेरीत अर्ज दिला. कारण या रकान्यात 'पाणी वाचवण्यासाठी हौद' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, हौद भरणार कशाने? पाण्याची सोय असल्याचा तलाठ्याचा दाखला आणा. तलाठी सज्जन माणूस, पण तो म्हणाला, पाणी असल्याचा दाखला या वर्षी मी माझ्या बापालाही देणार नाही, पाहिजे तर टंचाईचा देतो. मी टंचाईचा घेतला. तो पाहून कारकून म्हणाला, टंचाईच्या गावात पाणी लागणाऱ्या बांधकामाला सध्या परवानगी नाही. मी त्यांना शांतपणे विचारलं, की पाणी असेल तर हौदाची गरज नाही आणि नसेल तर परवानगी नाही, मग हौद बांधायचा कुणी? ते म्हणाले, तेच आम्हीही विचारतोय.

शेवटी पंचायत समितीचे एक विस्तार अधिकारी मदतीला आले. गोठा आहे, गाई आहेत, शेण आहे, म्हणजे माणूस गोबरगॅसच्या योजनेत बसतो, असं त्यांनी शोधून काढलं. सिमेंट मिळालं. सरकारदरबारी मी आजही गोबरगॅसधारक आहे. पुढे दोन वर्षं लोक लांबून सायकली मारत गॅस बघायला यायचे आणि आमच्या चुलीचा धूर पाहून परत जायचे.

गवंडी रंगनाथ. हात चांगला, पण त्याच्या हाताला सूर्यभानरावांची जीभ लागली. फरशीला ढाळ काढायचा म्हटल्यावर आमच्या पाटकऱ्यांच्या अंगात पुन्हा पाट वाहायला लागला. ते काठी घेऊन गोठ्यात उभे राहिले. पाणी कसं चालतं ते दिसत नसतं, ते कळावं लागतं, असं ते रंगनाथला सांगत. रंगनाथने दोरी लावून उत्तरेकडे उतार धरला होता. सूर्यभानरावांच्या मते जमिनीचा मूळ कल पश्चिमेला होता आणि कलाविरुद्ध गेलेलं पाणी कधी ना कधी सूड घेतं. घरमालक म्हणून माझं मत कुणी विचारलं नाही. मी दोघांनाही चहा देत राहिलो. फरशी झाली तेव्हा उतार उत्तरेला होता, पश्चिमेला होता, आणि कुठल्या तरी अनाकलनीय कारणाने थोडासा पूर्वेलाही होता.

पूर्वेला गोजरबाईचं घर. गोजरबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यांत वयस्क बाई, एकटी राहणारी, आणि बोलली तर गल्ली थांबून ऐकते अशी. फरशीची परीक्षा म्हणून आम्ही समारंभपूर्वक एक तांब्या पाणी ओतलं. ते क्षणभर विचार करत थांबलं, मग शेण आणि भुसा गोळा करत, दुसऱ्या खणाकडे ढुंकूनही न बघता, भिंतीच्या फटीतून गोजरबाईच्या गोवऱ्यांत शिरलं. गोजरबाई ओली गोवरी हातात घेऊन बाहेर आली. "सर, औंदा पावसाचं पानी दारात आलं न्हाई. तुमचं आलं. बरं झालं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी रंगनाथने फरशी फोडली आणि सूर्यभानराव परगावी गेलेले पाहून पुन्हा घातली.

काम झालं. रंगनाथने हात धुतले, विडी पेटवली आणि निघता निघता उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आता आठवडाभर दोन टाइम पानी मारा, सर. भरपूर मारा. न्हाई तर सगळं तडकंल."

मी स्टुलावर बसलो. पाणी वाचवायच्या हौदाला आधी पाणी पाजावं लागतं ही गोष्ट माझ्या आकृतीत कुठल्याच बाणाने दाखवली नव्हती. कचेरीतल्या कारकुनाला ती माहीत होती. तलाठ्याला माहीत होती. बहुधा नववी ब लाही माहीत असावी.

आता मागे फिरायचं तर गोबरगॅसचं सिमेंट वाया जाणार. आठवडाभर मी आंघोळ केली नाही. तोंड ओल्या फडक्याने पुसून शाळेत जायचो आणि माझ्या वाट्याचं पाणी सकाळ-संध्याकाळ हौदावर शिंपडायचो. आम्ही ते दार लावून करायचो, पण गोठ्याचं दार म्हणजे बांबूचं फाटक, त्यातून अख्खी गल्ली दिसते आणि गल्लीला आम्ही. रिकाम्या बादलीपाशी मणेरी उभी, आणि शेजारी मी भिंतीला पाणी पाजतोय, असं ते दृश्य होतं. सूर्यभानराव परगावाहून आले. त्यांनी फाटकातून पाहिलं, ढाळही पाहिला, आणि लिंबाखाली जाऊन सांगितलं की सरांची गाय आता सिमिटाची हाय, ती दूधबी सिमिटाचंच देनार.

आठवड्याने हौद तयार झाला. कुठेही तडा नाही. दोन्ही खण गुळगुळीत, आणि दोन्ही कोरडे. मनकर्णाने विचारलेला प्रश्न त्या पहिल्या खणाच्या तळाशी मला स्पष्ट दिसला. घंगाळाचं, किटलीचं, गोठ्याचं सगळं पाणी आम्ही आधीच आखडलं होतं. वाचवायचं असं आता एकच उरलं होतं, गाईंचं पिण्याचं. मी स्वतःची समजूत घातली, की गाई सवयीने जास्त पितात. शाळेच्या घंटेप्रमाणे पाणी द्यायचं ठरवलं. सकाळची घंटा, मधली सुट्टी, शाळा सुटल्यावर. दरवेळी मोजून. मणेरी बादलीचा तळ चाटून चाटून माझ्याकडे बघायची. मी तिला म्हणायचो, पुढची घंटा होऊ दे.

याच सुमाराला गल्लीत बोलवा उठली. सरांनी पाणी वाचवायला घेतलंय हे सगळ्यांना माहीत होतं. मग वाचलेलं पाणी जातं कुठं? दूध विकणाऱ्या घराबद्दल हा प्रश्न निघाला की उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. संध्याकाळी दुधाला येणाऱ्या बाया भांडं उजेडाकडे तिरकं करून बघायला लागल्या. मी दुर्लक्ष केलं. ज्या घरात प्यायला पाणी नाही त्या घराने दुधात घालायला कुठून आणायचं, हे मला चौकात उभं राहून सांगायचं नव्हतं. सोसायटीत डिग्री लागेल तेव्हा सत्य आपोआप बाहेर येईल असा माझा विश्वास होता.

डिग्री म्हणजे दुधात सोडायची काचेची नळी. पाणी घातलेल्या दुधात ती खाली बुडते. आमच्या सोसायटीचे चेअरमन काकासाहेब ती स्वतः सोडत. त्या सकाळी त्यांनी आमच्या दुधात सोडली आणि ती बुडायचं नाव काढीना. त्यांनी ती पुसून पुन्हा सोडली. मग दुसरी आणून सोडली. रांगेतले लोक जवळ आले. मी अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं.

काकासाहेबांनी मला बाजूला घेतलं. "सर, दुधात काय घालता?"

"काहीही नाही."

"पानी न्हाई घालत, ते दिसतंय. पर इतकं घट दूध आपल्या भागात कुन्या गाईला न्हाई. मग काय घालता?"

तेव्हा मला उमगलं. दुष्काळात मुलांना वाटायला शाळेत दुधाच्या भुकटीची पोती आली होती आणि त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. नगर जिल्ह्यात दुधात पाणी न घातल्याबद्दल संशयित ठरलेला मी पहिलाच माणूस असेन. दुपारी मुख्याध्यापकांनी सहज म्हणून ती खोली उघडली, सहज म्हणून पोती हलवून पाहिली, आणि किल्ली माझ्याकडे परत देताना माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. अठरा वर्षं मी त्या शाळेत होतो. जेवणाचा डबा मी तसाच परत आणला.

संध्याकाळी काकासाहेब स्वतःचं भांडं घेऊन गोठ्यात आले. मनकर्णाने त्यांच्यासमोर धार काढली. दूध नेहमीपेक्षा पुष्कळ कमी निघालं. त्यांनी डिग्री सोडली. ती पुन्हा वर. माझं नाव स्वच्छ झालं म्हणून मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मनकर्णा बोलली.

"भुकटी न्हाई, काकासाहेब. गाई तहानल्यात. अर्ध्या पान्यावर हायेत. म्हणून दूध आटलं अन् घट झालं."

काकासाहेबांनी मणेरीच्या पाठीवर हात फिरवला आणि ते गेले. मनकर्णा तशीच उकिडवी बसून राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या आईनं हिला कधी तहानलेली निजू दिली न्हाई. माझ्या दारात ती घंटेची वाट बघती. सहादेवला कळवा. वसुबारस झाली की घेऊन जाऊ दे."

छावणीला इतके दिवस नको म्हणणारी तीच होती आणि आता तीच पाठवत होती. मला फार वाईट वाटलं. मी त्या कोरड्या हौदाच्या कठड्यावर टेकलो. हौद टेकायला मात्र उत्तम झाला होता.

दिवाळी जवळ आली तसा माझ्या डोक्यात आणखी एक घोर शिरला. वसुबारसेला गाय-वासराची पूजा. एरवी गल्लीत पाचसहा दावणी असायच्या, बाया वाटून जायच्या. या वर्षी वासरू असलेली गाय एकच, मणेरी. म्हणजे सगळी गल्ली आमच्या गोठ्यात येणार, आणि प्रत्येक बाई आधी गाईच्या पायांवर पाणी घालणार, मग हळदीकुंकू. ते पाणी कुणाच्या घरचं? प्रथेप्रमाणे गाईवाल्याच्या घरचं. आमच्या हंड्यातला शेवटचा तांब्या त्या पूजेत जाणार हे मला दिसत होतं. मी पाटी घेतली, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पाणीटंचाईमुळे गाईच्या पायांवर पाणी घालू नये. हळदीकुंकू वाहावे,' आणि ती फाटकाला अडकवली.

सहादेवराव आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. त्यांनी पाटी वाचली आणि बहिणीला विचारलं की सरांना ताप वगैरे आहे का.

दिवस कलला तशा बाया यायला लागल्या. सगळ्यांत पुढे गोजरबाई. तिने एका मुलीकडून पाटी वाचून घेतली. मी आतून पाहत होतो. तिने पाटी काढली, उलटी करून भिंतीला टेकवली आणि आत आली. मी शिक्षक आहे, पाटीचा एवढा अपमान माझ्या देखत झाला नव्हता. मी काही बोलायला पुढे झालो आणि थांबलो. गोजरबाईच्या हातात तिचा स्वतःचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला, वर पदराचं टोक धरलेलं. तिच्या मागे सगळ्याच बायांच्या हातात तांबे होते. आमच्या हंड्याकडे कुणीही पाहिलं नाही.

मनकर्णाने मणेरीला पुढे आणलं. शिंगांना तेल लावलं होतं, वासराच्या गळ्यात झेंडूची माळ होती. पानात बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी होती. मनकर्णा ओवाळायला लागली आणि तिचा हात थांबला. सासरी जाणाऱ्या लेकीला लावतात तसं तिने मणेरीच्या कपाळाला दुसऱ्यांदा कुंकू लावलं. बायांना ते कळायला वेळ लागला नाही.

"कुठं पाठवतीस?" गोजरबाईने विचारलं.

"छावनीत. उद्या."

गोजरबाईने मणेरीकडे पाहिलं. मणेरी कुंकवाकडे किंवा भाकरीकडे बघत नव्हती. तिची मान तांब्याकडे लांबली होती आणि जीभ बाहेर येत होती. गोजरबाईने तांब्यातली एक धार, नावापुरती, तिच्या खुरांवर धरली. मग उठून हौदाच्या पहिल्या खणापाशी गेली आणि उरलेला अख्खा तांब्या त्यात ओतला.

"पाय धुवायचे ते मानाचे," ती मागे वळून म्हणाली. "गाय तहानली असताना पायाचं काय करता? थेंबभर पायावर घाला. बाकीचं हितं."

बाया एकेक करून पुढे आल्या. थेंबभर पायावर, बाकीचं हौदात. फक्त तांब्यांतून पाणी पडल्याचा आवाज येत राहिला आणि तो हळूहळू खोल होत गेला. सूर्यभानरावांच्या सूनबाई आल्या, काकासाहेबांच्या घरच्या आल्या. मुख्याध्यापकांच्या पत्नीने दोन तांबे आणले होते. पायांवरचं थेंबथेंब पाणी फरशीवर आलं, उत्तरेकडे वळलं आणि सरळ दुसऱ्या खणात गेलं. ढाळ बरोबर होता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मी तिथे उभा होतो आणि मी ते पाहिलं.

मग मनकर्णाने मणेरीचं दावं सोडलं. मणेरीने हौदात तोंड घातलं आणि मान वर न काढता पीत राहिली. लाखीने बाजूने घुसून तोंड घातलं. वासरू दोघींच्या पोटाखालून ढुशा देत होतं. मनकर्णा तोंडाला पदर लावून हौदाच्या कडेला उभी होती आणि बाया पूजा सोडून गाईंचं पिणं बघत होत्या.

गोजरबाईने जाता जाता हुकूम सोडला. डाळ धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, भाजीचं, कणकेच्या काटवटीचं, असलं प्रत्येक घरचं पाणी उद्यापासून इथे यायचं. गाय गेली तर पुढच्या वसुबारसेला आम्ही कुणाच्या पाया पडायचं, सिमिटाच्या का? हे शेवटचं तिने सूर्यभानरावांच्या सुनेकडे बघून विचारलं. सहादेवराव दावं हातात घेऊन उभे होते. त्यांनी ते खुंटीला अडकवलं आणि आत जाऊन गवारीची भाजी मागितली.

गाई राहिल्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोज सकाळी बाया परातीतून, पातेल्यातून पाणी आणून हौदात ओतून जायच्या. दूध वाढलं. डिग्री पुन्हा जागेवर आली, आणि काकासाहेब रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की आता दूध मानसांत आलं. सूर्यभानराव आल्यागेल्याला ढाळ दाखवायचे आणि तो आपल्या देखरेखीखाली झाला असं सांगायचे. गल्लीत हौदाचं नाव गोजरबाईचा हौद असं पडलं. विस्तार अधिकारी एकदा साहेबांना घेऊन पाहायला आले, तेव्हा त्यांनी हौदाशेजारी गोजरबाईला उभं करून फोटो काढला. मला त्यांनी जरा बाजूला व्हायला सांगितलं, कारण माझी सावली पडत होती.

बायांचं पाहून एका सकाळी मीही दाढीच्या वाटीतलं उरलेलं पाणी घेऊन निघालो. पाव वाटीही नसेल, पण माझ्या हौदात माझंही काही असावं असं मला फार वाटलं. गोजरबाई तिथेच होती. तिने वाटी नाकाशी धरली आणि माझा हात बाजूला केला. "साबनाचं न्हाई, सर," ती म्हणाली. माझ्या मागे मनकर्णा हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिला हसताना ऐकलं.

त्या दिवसापासून पाऊस पडेपर्यंत मी दाढी बिनसाबणाची केली. गालावर रोज कुठे ना कुठे कापायचं. नववी ब मुकाट्याने बघायची आणि घरी जाऊन काहीबाही सांगायची. वाटीतलं पाणी मात्र मी स्वतःच्या हाताने नेऊन पहिल्या खणात घालायचो, आणि मणेरी मान वर करून आधी माझ्याकडे बघायची आणि मग प्यायची.